जोहडाच्या पाटीवरचं कासव

हे मी कुठे बोललेले नाही. करोल बागेत आईबाबांकडे नाही, मुनिरक्याच्या खोलीत माझ्याबरोबर तीन वर्षं राहिलेल्या मैत्रिणीकडे नाही, आणि ज्या फैजानसोबत मी आजवर ढीगभर पत्रकं लिहिली त्याच्याकडे तर अजिबात नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काय, वैताग आलाय. गेल्या आठवड्यात एका कॉलेजात मला बोलावलं होतं, ‘नागरिक आणि पाणी’ असा काहीतरी विषय. ओळख करून देताना तिथल्या मॅडमनी मागच्या पडद्यावर तो फोटो लावला. कासवाचा. परत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायले आणि पंचवीस मिनिटं बोलले. पुराव्याचं महत्त्व, यावर.

हसलात? हसा. मला स्वतःला हसू येत नाही एवढंच.

मी पत्रकं लिहिते. एका पानाची, दोन्ही बाजूंनी छापलेली, हिंदीत, मेट्रोच्या दाराशी लोकांच्या हातात कोंबायची. वाक्य कसं लिहायचं ते मला पत्रकाने शिकवलं. विशेषणं कमी. दावा केलास तर कागद दाखव, नाहीतर फोटो. शेवटी मागण्या, एक-दोन-तीन आकडे घालून. राग शिकवावा लागला नाही, तो होताच. गुरुग्रामच्या टॉवरांची गुळगुळीत ब्रोशर्स पाहिली की माझं डोकं फिरायचं. इमारतीच्या पायथ्याशी निळंशार तळं आणि त्यात दोन राजहंस. मी त्यावर अख्खं पत्रक लिहिलं होतं — ‘हे हंस कुठे राहतात, पत्ता द्या.’ फार गाजलं ते. खोटं पाणी दाखवून माणसं फसवणाऱ्यांची मी सालं काढली होती त्यात. हे लक्षात ठेवा, कारण मलाही ते चांगलंच लक्षात होतं. विसरून गेले आणि घडलं, असं काही नाही.

तर जोहड. आपल्याकडे जसं गावतळं असतं तसं इकडच्या गावांचं पावसाचं पाणी धरणारं तळं. हे गुरुग्राममधल्या एका सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. गाव टॉवरांत बुडालं, जोहड तेवढं राहिलं. त्यात दोन-चार म्हशी, काठाला टिटव्या, आणि पाणी — पाणी म्हणायचं म्हणून पाणी. सोसायटीला तिथे पार्किंग हवं होतं. कमिटीचे सेक्रेटरी भाटिया अंकल त्याला ‘गंदा नाला’ म्हणायचे आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून रोज ग्रुपवर भांडायचे. रहिवाशांच्या सभेत हात वर करून ठरायचं होतं. सोसायटीने ‘आमची हरकत नाही’ असं लिहून दिलं की जोहड बुजणार होतं.

गावातले म्हातारे म्हणायचे, इथे कासवं आहेत. एक ताऊ तर हातभर लांबी दाखवायचे. पाण्यात जिवंत कासव आहे म्हटल्यावर सोसायटीतल्या अर्ध्या आया आमच्या बाजूला येतील, हे मला कळत होतं. म्हशीसाठी कुणी हात वर करत नाही. कासवासाठी करतात. मी चार सकाळी कॅमेरा घेऊन काठावर बसले. कासव दिसलं नाही. एकदा वाटलं दिसलं — चप्पल होती.

आणि त्याच दिवसांत दर रविवारी मी त्याच सोसायटीच्या क्लबरूममध्ये मुलांचा वर्ग घेत होते.

तो वर्ग मराठी मंडळाच्या काकूंच्या डोक्यातून निघाला. पुण्या-मुंबईहून आयटीत आलेली कुटुंबं, मुलं दिल्लीत वाढलेली, घरी ‘मम्मा, कछुआ’ चालू. मुलांच्या कानावर मराठी पडावी, आणि फोन हातात असतोच तर फोटो तरी काढावेत — म्हणून खेळण्यातल्या प्राण्यांचे, पाण्यातले फोटो. मंडळाकडे गणपती विसर्जनाचा मोठा टब वर्षभर गच्चीवर पडून असायचा, तो खाली आणला. शिवाय घरोघरच्या पराती. त्यात माती, दगड, पाणी, आणि प्लास्टिकची हत्ती-मगर-बेडूक मंडळी. फोन उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खाली पाण्याच्या अगदी लगत येते आणि बोटभर बेडूक डोंगराएवढा दिसतो. पानांवर ग्लिसरीनचे थेंब टाकायचे, ते ओघळत नाहीत. आठ मुलं होती. सात मुलांनी पाण्यात निळा रंग घातला. ओतलाच.

आठवी जुई. तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी निळ्या रंगाची बाटली पुढे केली तर मान हलवून म्हणाली, ‘पाणी ब्लू नसतं दीदी. चायसारखं असतं.’ आणि पुढच्या रविवारी घरून थर्मासमध्ये कोरा चहा घेऊन आली. बिल्कुल जोहडाचा रंग. तिची खिडकी जोहडाकडे उघडायची, ती रोज बघत होती ते पाणी. काठाला गवत हवं म्हणून तिने कापसावर अळीव टाकून आठवडाभर घरी रुजवला होता, तो सबंध उचलून आणला. आणि तिचं कासव. करंगळीएवढं, तपकिरी. मानेच्या वर, कवचाच्या कडेला एक टवका उडालेला — दारात सापडून. त्या टवक्यावर तिने चिखल लावला नाही. मी म्हटलं, लपव की तो भाग, फोटोत खरं दिसेल. तर म्हणाली, ‘खरंच तर तुटलंय.’

आईच्या जुन्या फोनवर तिने तासभर पालथं पडून फोटो काढले. त्यातला एक — मी आजही सांगते, तो मी पाहिलेल्या चांगल्या फोटोंपैकी आहे. चहाच्या पाण्यावर खिडकीतला फिका उजेड, मागे अळिवाचं धूसर गवत, आणि कासवाचं डोकं नुकतं वर येतंय असं. टब नाही, परात नाही, क्लबरूम नाही. फक्त जोहड.

वर्ग संपला की मी सगळे फोटो माझ्या लॅपटॉपवर घ्यायचे आणि पालकांच्या फोनमधले पुसून फोन परत द्यायचे. हा नियम माझाच. खेळणीही मीच पेटीत भरून क्लबरूमच्या कपाटात ठेवायचे, दर रविवारी बाहेर काढायचे.

आता बघा, मी अजून गोल गोलच फिरतेय. एवढ्यात एक पत्रक लिहून झालं असतं.

सभेच्या पंधरा दिवस आधी आमचं पत्रक छापायला जायचं होतं. फैजानने मजकूर लावला होता, फोटोची चौकट रिकामी. माझ्याकडे म्हशी होत्या, चप्पल होती. आणि जुईचा फोटो. मी तो चौकटीत टाकून पाहिला. फक्त पाहिला, असं स्वतःला म्हणत पाहिला. फैजान मागून वाकून बघत होता. म्हणाला, ‘यार, मिल गया? असली है ना?’ मी म्हटलं, हो.

मराठीतून ‘हो’ म्हटलं. का कोण जाणे. त्याला कळलं तेवढ्याने. खाली ओळ मी स्वतः टाइप केली: ‘हमारे जोहड़ का कछुआ। इसी मार्च की तस्वीर, एक निवासी के कैमरे से।’ शेवटचा भाग खरा होता, नाही का? निवासीच होती ती. इतकी चलाखी मी ब्रोशरवाल्यांमध्येही पाहिली नव्हती.

पत्रक वणव्यासारखं पसरलं. सोसायटीच्या ग्रुपवर, बाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर. मी दोन रविवारचे वर्ग रद्द केले — सभेच्या तयारीचं कारण देऊन. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. मुलं ते पत्रक वाचणार नाहीत, असं मी धरून चालले होते. मुलांचा असा हिशेब मोठी माणसंच करतात.

सभेला हॉल भरला होता. मुलं सांभाळायला घरी कुणी नाही म्हणून बऱ्याच जणी मुलांना घेऊन आल्या होत्या. मी पडद्यावर फोटो लावला, भिंतभर. लोक ‘अरे वा’ करत होते. तिसऱ्या रांगेतून जुई उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, हे मला सांगायचंय. ती तक्रार करायला उठली नव्हती. आपलं चित्र भिंतीएवढं झालंय म्हणून उठली होती.

‘ये तो मेरा कछुआ है. मैंने बनाया है.’

लोक हसले. गोड वाटलं त्यांना. पण भाटिया अंकल हसले नाहीत. मूर्ख नव्हते ते. त्यांनी चष्मा वर केला आणि फार मऊ आवाजात विचारलं, ‘बेटा, तुम्हारा है? कैसे बनाया?’

‘टब में. चाय डाल के.’

मग सगळे माझ्याकडे वळले.

मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी लिहू शकते. लिहिणार नाही. वेळ मिळाला. पुष्कळ मिळाला. मी जुईकडे पाहिलं, ती माझ्याकडेच पाहत होती, आता दीदी सांगेल म्हणून. आणि मी हसून, त्या लाडिक आवाजात — मला तो आवाज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला तरी शिसारी येते — म्हटलं, ‘अच्छा, ये हमारी वर्कशॉप की बच्ची है. मैंने बच्चों को यही फोटो दिखाके बोला था, ऐसा सीन बनाओ. इसने बहुत सुंदर बनाया था. बस, कन्फ्यूज़ हो गई है बेचारी.’

पाहिलंत काय केलं मी? नुसतं नाकारलं नाही. उलटं फिरवलं. तिचं मूळ, ते नक्कल करून टाकलं. वर्गातली दुसरी एक मुलगी लगेच म्हणाली, ‘हां, जुई का भी ऐसा ही था.’ माझ्या खोट्यात ते चपखल बसलं.

जुईने सोडलं नाही. ती म्हणाली, नाही, याचा कोना तुटलाय बघा, दारात आलं होतं, मी आणून दाखवते. तिची आई शर्मिला तिला दंड धरून खाली बसवायला बघत होती. जुईने मला विचारलं, आता मराठीत, ‘दीदी, माझं कासव पेटीत आहे ना? द्या ना.’

पेटी क्लबरूममध्ये होती. कासव पेटीत नव्हतं. पत्रक छापायला दिलं त्याच दिवशी मी ते काढून माझ्या झोळीत टाकलं होतं. झोळी माझ्या खांद्यावर होती. वर उरलेली पत्रकं, तळाशी ते.

मी म्हटलं, ‘पेटीत नाहीये बेटा. तू घरी नेलं असशील.’

एवढंच. हेच ते. इतकी पानं त्यासाठी घालवली.

ती म्हणाली, नाही नेलं. आणि मग तिला रडू आलं, आणि रडणाऱ्या मुलाचं म्हणणं कोण ऐकतं? शर्मिला लाजेने लाल झाली होती. एवढ्या लोकांत, आपली मुलगी. तिने जुईला माझ्यासमोर आणून उभं केलं. ‘सॉरी म्हण दीदीला. किती मेहनत करतायत त्या, आणि तू? म्हण.’ जुई म्हणाली सॉरी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, इट्स ओके बेटा.

सभेने पार्किंग फेटाळलं. हात वर करणाऱ्यांत शर्मिलाही होती.

आता ते वाक्य येईल, मला माहीत आहे — पण जोहड तर वाचलं ना. यार, कृपा करून ते माझ्यासमोर म्हणू नका. मी ते स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की त्याची चव गेली. वाचलं म्हणजे काय झालं, सांगू? जाळी लागली. जाळीच्या आत चिप्सची रिकामी पाकिटं आता सुरक्षित आहेत. म्हशी बाहेर काढल्या, कारण कासवांना त्रास होतो. ज्या कासवांना कुणी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गावातल्या एका बाईच्या म्हशींचं पाणी गेलं. तिने मला रस्त्यात गाठून विचारलं, ‘कित सै थारा कछुआ?’ कुठे आहे तुमचं कासव. मी तिला जैवविविधता समजावून सांगितली.

आणि पाटी लागली. ‘यहाँ कछुए रहते हैं’, हिरव्यावर पांढरी अक्षरं, बाजूला कासवाचं चित्र. पेंटरला नमुना म्हणून आमचं पत्रकच दिलं होतं. प्रामाणिक माणूस. जे दिसलं ते काढलं. अनावरणाच्या दिवशी मी नारळ घेऊन उभी होते आणि माझं लक्ष गेलं — मानेच्या वर, कवचाच्या कडेला, टवका. नीट, काळजीपूर्वक रंगवलेला. ताटाएवढा झालेला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला पहिल्यांदा, खरंच, पळून जावंसं वाटलं. पळाले नाही. फोटोला उभी राहिले.

जुईची शाळेची बस त्या पाटीसमोर थांबते.

वर्गाला ती परत आली नाही. शर्मिलाचा मधे एकदा फोन आला होता, मलाच दिलासा द्यायला. ‘त्या दिवसाचं मनावर घेऊ नका हं. हल्ली आम्ही तिला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. शाळेतही सांगून ठेवलंय, ती रंगवून सांगते म्हणून.’ मी म्हटलं, अहो नाही, लहान आहे. माझ्या टेबलाच्या खणात कासव होतं. फोन खांद्यावर धरून मी खण उघडला आणि बंद केला. पाच मिनिटांचं काम होतं. शर्मिला, ती खरं बोलत होती — सहा शब्दही नाहीत. मी पत्रकात याहून लांब मथळे देते.

वर्षं गेली. चार. यंदा संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू होतं, त्याच क्लबरूममध्ये. मी जायची नाही तिथे शक्यतो, पण काकूंनी फार आग्रह केला. तिळगुळाचं ताट घेऊन एक उंच मुलगी समोर आली. दाताला तारा, केस कापलेले.

‘दीदी, ओळखलंत? मी ती कासववाली.’

ती हसत होती. मी तिला बारा वर्षांची पाहायला तयार नव्हते. तिने ताट एका हातावर घेतलं आणि म्हणाली, ‘मी लहानपणी काय फेकायचे ना. मम्मा अजून सगळ्यांना सांगते, भर मीटिंगमध्ये उभी राहिले होते म्हणून. सो एम्बॅरेसिंग.’ मी काहीतरी पुटपुटले. ती जायला वळली आणि परत थांबली.

‘पण गंमत म्हणजे मला ते आठवतं. चहा ओतलेला. थर्मासचं झाकण पण आठवतं. असं होतं का, दीदी? जे झालंच नाही ते आठवतं?’

ती चिडलेली नव्हती. खोचक नव्हती. खरंच विचारत होती. चार वर्षांनी, स्वतःहून, तिने तोच प्रश्न माझ्यापुढे आणून ठेवला होता, आणि या वेळी हॉल नव्हता, भाटिया अंकल नव्हते, पार्किंग नव्हतं. वाचवायला काहीच नव्हतं. माझ्याशिवाय.

मी म्हटलं, ‘होतं कधी कधी. लहान मुलांना होतं तसं.’

‘अच्छा,’ ती म्हणाली. आणि तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, हे सगळ्यात वाईट. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे गेली. मी तो खाल्ला. गोड तर बोललेच होते.

सभेतलं खोटं मी जोहडाच्या नावावर खपवू शकत होते, इतकी वर्षं खपवलं. हे दुसरं कुणाच्या नावावर टाकू? एका मुलीला तिची स्वतःची आठवण खरी की खोटी हे मला विचारावं लागलं, आणि मी तिला सांगितलं, खोटी.

हे लिहिताना ते टेबलावर आहे. मुनिरक्यात दुपारची लाइट गेलीय, खोलीत उजेड फार नाही, पण टवका दिसतो. पोटाखाली बारीक अक्षरात काहीतरी इंग्रजी छापलंय, आणि त्याच्या शेजारी बॉलपेनने लिहिलेला, अर्धा पुसलेला ‘जु’. इतकी वर्षं मी ते उलटं करून पाहिलंही नव्हतं.

आमच्या पत्रकात शेवटी मागण्या असतात. इथे त्या नाहीत. जे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं तेवढं लिहिते, आकडे न घालता. फोटो जुईने काढला. चहा तिने ओतला. कासव तिचं आहे आणि ते सगळा वेळ माझ्याकडे होतं.